पुणे की सांगली? आधी लेकीशी बोला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मिस्टरांना फुप्फुसाचा कर्करोग असून तो चौथ्या टप्प्यात आहे, हे मार्चमध्ये कळलं. दर 21 दिवसांनी केमोसाठी मिरजेहून महालक्ष्मीने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जावं लागतं. लेकीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, उत्तम पर्सेंटाइल मिळालेत आणि तिला पुण्याचं सीओईपी कॉलेज हवंय. तुम्ही विचारता की तिला पुण्याला पाठवू, सांगलीतच वालचंद कॉलेजला घालू, की सासूबाई म्हणतात तसं वर्षभर थांबवू? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: तिला आम्ही 'छातीत गाठ आहे, औषधाने विरघळेल' एवढंच सांगितलंय.

माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत अडकलंय. मुलगी चार वर्षांचा निर्णय घेणार आहे आणि त्यासाठी लागणारी सगळ्यात मोठी माहिती तिच्याकडे नाही. खरं सांगायचं तर, ती असणारच. टाटाच्या फाइलवर काय लिहिलंय ते अठरा वर्षांची, बारावी सायन्स झालेली मुलगी मोबाइलवर शोधत नसेल यावर माझा विश्वास नाही. बहुधा ती तुम्हाला सांभाळून घेतेय आणि तुम्ही तिला.

तिला सांगताना किती महिने, किती वर्षं, हे आकडे नकोत, ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. आजार पूर्ण बरा होणारा नाही, तो आटोक्यात ठेवायला आणि बाबांना त्रास कमी व्हावा म्हणून उपचार चालू आहेत, एवढं स्पष्ट सांगा. जमलं तर बाबांनी स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसा. जड जात असेल तर पुढच्या फेरीला तिला परळला सोबत न्या आणि तिथल्या समाजसेवा विभागात समुपदेशनासाठी विचारा. घरच्यांशी कसं बोलायचं यासाठी तिथे माणसं असतात.

आणखी एक. तीन पानांच्या पत्रात सासूबाई काय म्हणतात, दीर काय म्हणतात, शेजारच्या काकू काय म्हणतात, सगळं आलंय. तुमचे मिस्टर काय म्हणतात, ते कुठेच नाही. त्यांना विचारा. फक्त 'बाबांची शेवटची इच्छा' असं काही तिच्या गळ्यात पडू देऊ नका. अशा इच्छेपायी नको ती शाखा घेऊन तिसऱ्या वर्षाला अडकलेली मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांना शाखा बदलायचीही चोरी वाटते.

आता प्रवेशाचं. वर्षभर थांबवायला माझा साफ विरोध आहे. या वर्षीचा सीईटीचा निकाल पुढच्या वर्षी चालत नाही, परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, तीही घरात हे सगळं चालू असताना. शिवाय आजार आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. ते वर्ष कदाचित बरं जाईल आणि पुढचं अवघड. प्रवेश घेऊन ठेवलेला असला तर वेळ पडल्यास एखादा पेपर राहील, एटीकेटी लागेल (म्हणजे राहिलेला विषय पुढच्या वर्गात बसून सोडवायचा), फार तर एक सत्र मागे पडेल. हातची जागा सोडून ती पुन्हा मिळवणं त्याहून कितीतरी कठीण.

वालचंदविषयी तुम्ही 'तडजोड म्हणून' असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. 1947 पासूनचं कॉलेज आहे, राज्यभरातली मुलं तिथे यायला धडपडतात. मिरजेच्या मुलीला ते दाराशी आहे. मी तिच्या जागी असतो तर ते वर ठेवलं असतं. पण सांगलीत ठेवायचं ते शिकायला की दवाखान्याच्या फेऱ्यांना, हे आधी घरात ठरवा. मुलगी घरी आहे म्हटल्यावर डबा, औषधं, रिपोर्ट, रात्रीचं जागरण सगळं हळूहळू तिच्याकडे सरकतं आणि हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाते. तसं होणार असेल तर पुणं बरं. आणि सगळं ऐकून, समजून ती पुणंच म्हणाली तर मोकळ्या मनाने पाठवा. पुण्याहून रात्रीत घरी येता येतं.

फेऱ्यांचा भार दिरांना वाटून द्या, नुसते सल्ले पुरेत. डॉक्टरांना हेही विचारा की ठरवून दिलेली केमो सांगली-मिरजेत किंवा कोल्हापुरात घेता येईल का, आणि मुंबईला फक्त स्कॅन व तपासणीसाठी यायचं. बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत असं करता येतं. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घेता ना? रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सूट असते, सोबतच्या एकाला 75 टक्के.

पैशांची धास्ती थोडी कमी होईल असं एक सांगतो. तुम्ही ओबीसी प्रवर्ग आणि 8 लाखांच्या आतलं उत्पन्न लिहिलंय. 2024-25 पासून अशा मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज वेळेत भरायचा. म्हणजे पुणे-सांगलीतला फरक मुख्यतः राहण्या-जेवणाचा उरतो.

मात्र कागद आत्ताच बघा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि मुख्य म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला वडिलांकडचे पुरावे लागतात: त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांची नोंद, चुलत्यांपैकी कुणाची वैधता झाली असेल तर ती. कुठला कागद कुठे आहे हे तुमच्या मिस्टरांइतकं कुणाला ठाऊक नसणार. ते बरे असतील त्या दिवशी, केमोनंतरचा थकवा ओसरल्यावर, त्यांच्याबरोबर बसून ट्रंक उघडा. त्याच बैठकीत पीएफचं वारस नामांकन आणि बँक खात्यावर तुमचं नाव आहे ना, तेही तपासा. अभद्र वाटेल, पण लेकीच्या प्रवेशाचं काम म्हणून काढलंत तर त्यांनाही हातात काही असल्यासारखं वाटेल.

पतसंस्थेतली नोकरी सोडायचा विचार तुम्ही एका वाक्यात लिहून टाकलाय. सोडू नका. बिनपगारी रजा मागा, अर्धा दिवस मागा, राजीनामा नको. उद्या शैक्षणिक कर्ज लागलंच तर सहकर्जदार म्हणून तुमचीच पगाराची चिठ्ठी चालेल.

कॅपमध्ये कॉलेज आणि शाखांच्या पर्यायांची यादी भरताना तिला स्वतः क्रम लावू द्या. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, म्हणून पुणे वर की सांगली वर, हे बोलणं झाल्यावरच ठरवा. यादी पक्की करण्याआधी मला पाठवा, शाखांचा क्रम एकदा बघून देतो. तिला वाटलं तर तिने एकटीने फोन केला तरी चालेल.