लोक गप्प बसतात म्हणूनच भ्रष्ट नेते माजतात का?

तुमचं म्हणणं असं, की ज्यांच्यावर अन्याय होतो तेच तोंड उघडत नाहीत, म्हणून नेत्यांचं फावतं. खरं आहे, पण अर्धंच. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात वाढलेला. गप्प बसणं मी घरातच पाहिलंय.

चीनची लोहखनिजाची मागणी वाढली तेव्हा आमच्या रस्त्यावर टिपरांची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांची, रांग तुटायची नाही. वाळत घातलेले कपडे आई संध्याकाळी पुन्हा धुवायची, तांबडी धूळच तेवढी. एका पावसात डंपची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाची, माती वाहून आली आणि काकांचं भातशेत त्याखाली गेलं. काका बोलले? छे! त्यांचाच टिपर त्या खाणीवर लावलेला, बँकेचा हप्ता डोक्यावर, मुलगाही तिथेच कामाला. शेत बुडालं ते ज्याच्यामुळे, हप्ता भरला जायचा तोही त्याच्याच जिवावर.

ग्रामसभेत सरपंच विचारायचे, "कोणाची हरकत?" पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची. सेक्रेटरी लिहायचा: सर्वानुमते मंजूर. झालं, आमचं गप्प बसणं होकार म्हणून कागदावर चढलं! मला विचाराल तर सत्तेचा गैरवापर त्या एका शब्दापासून सुरू होतो. पैसे खाणं नंतरचं.

२०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल आला. बेकायदा खाणकामामुळे झालेलं नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपये, असा अंदाज त्यात होता. सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि दारात गंजत उभे राहिले ते काकांसारख्यांचे टिपर. मोठ्यांचं काय बिघडलं, ते तुम्हीच शोधा.

गोंयकार, म्हणजे आम्ही गोव्याचे लोक, मुळातच सुशेगाद, निवांत, म्हणून गप्प, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकेलाही सेन्सॉरची मंजुरी लागायची, तरी १८ जून १९४६ ला मडगावात राम मनोहर लोहियांना ऐकायला माणसं जमलीच. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीतल्या मेळावलीच्या लोकांनी आयआयटीसाठी जमीन मोजू दिली नाही, बायका सगळ्यांत पुढे. प्रकल्प तिथून हलवावा लागला. पण त्यांचं पोट त्याच जमिनीतल्या काजूंवर होतं, हेही लक्षात घ्या. काकांचं तसं नव्हतं.

काका गेले, टिपर विकला. त्यानंतरच्या एका ग्रामसभेत पुन्हा तोच प्रश्न आला आणि काकी उठली. "म्हजी हरकत बरय, नांव घालून." म्हणजे, माझी हरकत लिही, नाव घालून. एकटीची कशी लिहू, म्हणून सेक्रेटरी कुरकुरला. ती खाली बसेना. मग मागच्या बाकावरून आणखी तिघांनी नावं सांगितली. ठराव त्या दिवशी झालाच, पण सेक्रेटरीला आधीच लिहून ठेवलेलं 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहावं लागलं.