दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी क्रिकेट आणि कॅरिबियन संगीत असलेली गोष्ट सुचवाल का?

सुरुवात मायकेल अँथनी यांच्या ‘क्रिकेट इन द रोड’ या छोट्या कथेने करा. त्रिनिदादमधल्या मायारो गावात, पावसाळ्यात, तीन मुलं रस्त्यावर खेळतात. आधी बॅटिंग कोण करणार यावरून भांडण होतं आणि पावसाला घाबरणारा सेलो रागाच्या भरात बॅट-बॉल फेकून देतो. पुढे समेट कसा होतो ते मुलांनाच वाचू द्या. इंग्रजी सोपं आहे, तरी पहिल्यांदा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलंत तर जास्त रंगेल.

या कथेत संगीत नाही, त्याची जोड आपण द्यायची. १९५० मध्ये वेस्ट इंडिजने लॉर्ड्सवर इंग्लंडला हरवलं, तेव्हा गायक लॉर्ड बिगिनर यांनी रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीवर कॅलिप्सो, म्हणजे त्रिनिदादच्या ढंगाचं लोकगीत रचलं. ते ऐकवाच. आणि आपल्या मुलांना सगळ्यात जवळचं वाटेल ते लॉर्ड रिलेटर यांचं गावसकरांवरचं गाणं! १९७१ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या पदार्पणाच्या मालिकेत मुंबईच्या या पोराने चार कसोटींत ७७४ धावा कुटल्या आणि हरलेल्या संघाच्या गायकाने त्याचं मनापासून कौतुक गायलं. मला हे फार मोठं वाटतं.