मराठीत ‘पण’ या शब्दाचे नेमके किती अर्थ आहेत?

माझ्या मते ‘पण’ हे एकच रूप असले, तरी शब्द निदान तीन आहेत. ‘निघालो होतो, पण पाऊस आला’ यातील पण हे उभयान्वयी अव्यय असून ते संस्कृत ‘पुनः’पासून ‘पुण’ या रूपातून आले आहे. बोलताना त्याचाच अर्थ ‘सुद्धा’ असाही होतो. ‘मी पण येतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. दुसरा शब्द प्रतिज्ञेचा किंवा पैजेचा. सीतेच्या स्वयंवरात जनकाने शिवधनुष्याचा लावला तो पण.

तिसरा मात्र प्रत्यय आहे आणि मला तोच सर्वांत सुंदर वाटतो, कारण बालपण, माणूसपण, एकटेपण असे शब्द तो सहज घडवतो. त्याला काना लागला की लिंग बदलतेच, पण कधी अर्थाची छटाही बदलते: ‘ते शहाणपण’ आदराने म्हटले जाते, तर ‘उगाच शहाणपणा करू नकोस’ म्हणून मुलाला दटावले जाते. लिहिताना जागा सोडण्याचेही भान हवे, कारण ‘मी पण’ म्हणजे मीसुद्धा आणि ‘मीपण’ म्हणजे अहंकार.