ती दाढ पडणार नाही, ताई

प्रश्न : मी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या खालच्या शेवटच्या दाढेला काळा खड्डा पडलाय, रात्री ठणका लागून उठते. सासूबाई म्हणतात, दुधाची दाढ आहे, पडून जाईल. तोवर मिश्री लावतात. त्या दाढेवर पैसे घालवावेत का? थोरला तेरा वर्षांचा आहे. हल्ली शेंगा चटणीला हात लावत नाही, तोंड झोंबतं म्हणतो. खिशात सुपारीच्या पुड्या सापडल्या.
– एक आई, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मुलीला उजेडात बसवा आणि दात मोजा. जबड्याच्या मधल्या रेषेपासून मागे जायचं : पटाशीचे दोन, मग सुळा, मग दुधाच्या दोन दाढा. हे पाच झाले. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. खड्डा सहाव्या दाताला असेल तर ती कायमची दाढ आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. तिच्या जागचा दात पडलेला नसतो, म्हणून नवी दाढ आली हे घरात कळतच नाही. पूर्व भागातल्या माझ्या दवाखान्यात ‘दुधाचीच आहे ना?’ असं विचारत येणारी आई रोज असते. तोवर बऱ्याचदा निम्मी दाढ पोखरलेली असते. फार वाईट वाटतं.

रात्रीचा ठणका म्हणजे कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असण्याची शक्यता आहे, म्हणून थांबू नका. या वयात त्या दाढेचं मूळ अजून पूर्ण झालेलं नसतं. ते व्हायला नऊ-दहा वर्षं वय उजाडतं. आत जिवंत नस शिल्लक असेल तर ती राखून उपचार करता येतात आणि मूळ वाढत राहतं. उशीर झाला की ही संधी जाते. आणि खड्डा पाचव्या दाताला निघाला तरी न्याच. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत लागते. ती लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा जाते.

खर्चाची काळजी असेल तर सिव्हिलच्या दंतविभागात केसपेपर काढा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही दाढ दाखवायला बाईंना सांगून ठेवा. गाल सुजला किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी न्या. दुसऱ्या बाजूची दाढ चांगली असेल तर तिच्या खाचा बंद करून घेता येतील का, तेही विचारा.

मिश्री आजच बंद करा. सासूबाईंना मायेनंच सांगा, त्यांनी मायेनंच लावली आहे. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं कीड थांबत नाही, हिरडीतून निकोटिन मात्र अंगात जातं. लेकराला त्याची सवय लागते. त्याऐवजी फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री झोपताना. घासून झाल्यावर थुंकायचं, खळाखळा चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. गड्ड्याच्या जत्रेत लेकरं गोड खाणारच, खाऊ द्या. एकदाच बसून खावं. गोळी दिवसभर गालात धरून ठेवली की दातांवर आम्ल तयार होत राहतं.

आता थोरल्याचं. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. शेंगा चटणीवर वाढलेल्या पोराला चटणी झोंबायला लागली आणि खिशात सुपारी आहे, तर गालाची आतली कातडी कडक होऊ लागली असेल. त्यानं तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं, आणि कडक झालेली कातडी पूर्वीसारखी मऊ होत नाही. यातूनच पुढे काहींना कर्करोग होतो. ‘त्यात तंबाखू नाही’ असं तो सांगेल. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नोंदवलेलं आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणं गुन्हा आहे. तरी टपरीवर काय लटकतं ते तुम्ही रोज पाहता.

मारू नका, पुड्या घेऊन ओरडू नका. लपून खाईल. त्याला तोंड उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, किंवा गालात पांढुरके पट्टे दिसत असतील, तर बहिणीबरोबर त्याचाही केसपेपर काढा, आणि डॉक्टरांना सुपारीचं स्पष्ट सांगा.