जिवंतपणी, याच देहात देवाचा प्रत्यक्ष अनुभव येऊ शकतो का?

हो, येतो. मला एकदा आलाय म्हणून लिहून राहिलो, नाहीतर अशा प्रश्नांच्या वाट्याला मी जात नाही.

तुम्ही विचारलं की मेल्यावरचं जाऊ द्या, जिवंतपणी देव थेट अनुभवता येतो का, कोणाला आलाय का, आणि त्यासाठी साधना कोणती न् किती दिवस. साधनेचं शेवटी बोलतो.

आधी हे दर्शन दर्शन जे लोक करतात ना, त्यात डोळ्यांचा काही संबंध नाही हे डोक्यात पक्कं करा. आमच्या अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज तान्हे असतानाच आंधळे झाले, 1881 चा जन्म, 1915 ला गेले, म्हणजे उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य. कृष्णाला नवरा मानून बायकांसारखं मंगळसूत्र घालायचे, स्वतःला ज्ञानेश्वर माउलीची लेक म्हणवून घ्यायचे. त्या माणसाला काय दिसलं असेल? चतुर्भुज मूर्ती? मूर्ती कशी असते ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि ज्याला खरंच दिसलं त्या अर्जुनाचं काय झालं, तर दिव्यदृष्टी मिळूनसुद्धा थरथरला आणि म्हणे देवा तुझं नेहमीचं रूप दाखव. त्यामुळे स्वप्नात अमका आला, भिंतीवर तमका उमटला, हे मी अनुभवात धरत नाही.

आता माझं. आम्ही दोघं भाऊ, वडिलांनी पाच एकर वाटून दिलं, मधे धुरा, म्हणजे बांध. दादा दरवर्षी वखरताना एक तास, म्हणजे एक ओळ, माझ्याकडे सरकायचा. हळूहळू करत तीन फूट गेले. मी बोललो, त्याने ऐकलं नाही, मग मोजणी आणायची भाषा झाली आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. माय पंधरा दिवस त्याच्याकडे, पंधरा दिवस माझ्याकडे. तिच्यासमोर मी दादाला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

2017 च्या अश्विनात माय माझ्याकडे असताना म्हणाली, मले मोझरीला ने. तिथल्या गुरुकुंज आश्रमात तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते, अश्विन वद्य पंचमी. महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले, संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी, आणि दरवर्षी बरोबर त्याच मिनिटाला तिथं मौन श्रद्धांजली होते. शेतात सोयाबीन सवंगणीला आलं होतं, मजूर मिळत नव्हते, मी चिडतच गाडी काढली. म्हणजे भक्तिभाव वगैरे माझ्यात तेव्हा शून्य होता हे लक्षात घ्या.

गर्दी म्हणजे नजर पोचत नाही एवढी. आम्हाला पार मागे जागा मिळाली, मातीतच बसलो. माझ्या पुढ्यात एक चार-पाच वर्षांचं पोरगं फुटाणे खात होतं. आणि ती वेळ झाली न् सगळं थांबलं. एवढी माणसं, पण खोकला नाही, लेकराचं रडणं नाही. त्या पोराने तोंडातला फुटाणा तसाच गालात धरून ठेवला होता, गाल फुगलेला. मायने माझा हात धरला. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे, ते माझ्या तळहाताला लागत होते. आणि मग तो ओरखडा कोणाच्या बोटाचा आणि तळहात कोणाचा हे मला कळेना. खरंच कळेना. त्या पोराच्या गालातला फुटाणा मला माझ्या जिभेवर लागला. उजेड नाही, आवाज नाही, काही नाही, फक्त मी नव्हतो आणि तरी तिथं जे होतं ते अगदी जागं होतं आणि त्याचा माझ्यावर एवढा जीव होता की मला ते सोसेना. किती वेळ गेला सांगता येत नाही, मौन तर काही मिनिटांचंच असतं. जयघोष सुरू झाला तेव्हा माय विचारून राहिली, काहून रडतं रे बाबू?

रात्री घरी आलो, मायला सोडलं आणि तसाच दादाच्या दारी गेलो. म्हटलं, दादा, ते तीन फूट तुयाजवळच राहू दे, मले नाई पाहिजे. तो म्हणे, काय झालं बे तुले? मी सांगितलं सगळं. दादा शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणाला, एवढे लोक एकदम गप्प झाले की कोणालेही तसं वाटन, मेंदूचं काम आहे ते. आणि आमचे मोठेबाबा, माळकरी, ते म्हणाले की गुरू केल्याबिगर अनुभव येतच नाई, तुये गुरू कोण?

तुमच्या प्रश्नाने हीच जखम उकरली. दादाने धुरा घेतला पण ज्याने तो दिला त्याला मानायला तयार नाही! मी एक विचारतो. मेंदूत झालं, बरं, झालं. भूकही मेंदूतच कळते, म्हणून भाकर खोटी होते का? दोन वर्षं मायने समजावलं, गावातल्या चार माणसांनी बसवून समजावलं, मी एक इंच सोडला नाही, आणि त्या काही मिनिटांनंतर तीन फूट जड वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. नुसत्या भावनेत वाहून गेलो असतो तर पुढच्या पेरणीला मला पस्तावा झाला असता, कारण जमीन ही जमीन असते. आणि मोठेबाबांना एवढंच की माझ्या मायने कोणाकडून मंत्र घेतला नव्हता, अंगठेबहाद्दर बाई, तिला मी त्या रात्री सांगितलं तर ती म्हणाली, हाव, मलेबी होते तसं, कापूस वेचताना. झालं. आणि चूल पेटवायला गेली.

आता साधनेचं. माझी काहीच नव्हती, त्यामुळे किती दिवस हे मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू. परत कधी आला नाही अनुभव, चार वेळा मुद्दाम गेलो तरी. पण भांडण मिटवून जा असं मात्र सांगीन, किंवा निदान मिटवायच्या तयारीने तरी जा. शिबिरात पैसे घेऊन साक्षात्कार देणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि कोणाला सतत आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, घरचे घाबरले असतील तर ते हे नव्हे, त्याला आधी डॉक्टरकडे न्या, मांत्रिकाकडे नको.

माय तीन वर्षांपूर्वी गेली. त्या धुऱ्यावर यंदा दादाची तूर आहे, चांगली डोक्याएवढी झाली. पंचमीला मी मोझरीला जाणार आहे, दादाला दरवर्षी विचारतो तसं यंदाही विचारलं. तो म्हणाला, पाहू. आतापर्यंत नाई म्हणत होता.