आधी पासपोर्ट परत द्या

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची. बी.एस्सी. नर्सिंग झालं, पुण्यात खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत तीन वर्षं नोकरी. आता तिला इबोलासारख्या साथीत काम करणाऱ्या परदेशी मदत संस्थेत अर्ज करायचाय. म्हणते, 'तिथे दारात येईल त्याची सेवा करायची, बस.' सावित्रीबाई प्लेगात गेल्या हे आम्हीही शाळेत शिकलो, पण म्हणून आपलं पोर आगीत ढकलायचं का? तिचा पासपोर्ट मी कपाटात कुलपात ठेवलाय. तिला सरकारी स्टाफ नर्सच्या परीक्षेकडे वळवा. तुमचं ऐकेल.
— एक वडील, मिरज

उत्तर : परीक्षांचं आधी उरकते. एम्सची नॉरसेट आहे, जिल्हा परिषदेच्या आणि सरकारी रुग्णालयांच्या भरत्या निघतात, रेल्वे आहे. तीन वर्षं आयसीयू केलेल्या मुलीला हे माझ्याकडून कळायला नको.

मी अडकले ती कपाटापाशी. अलार्म वाजले की कुठल्या बेडकडे आधी धावायचं हे तुमची मुलगी रात्रपाळीत ठरवते, आणि सुट्टीत घरी आली की स्वतःचा पासपोर्ट तिला मागून घ्यावा लागतो. कायद्याने तो भारत सरकारची मालमत्ता आहे. तिचीसुद्धा नाही, तर तुमची कुठून?

सावित्रीबाईंचं नाव तुम्ही काढलंत म्हणून पुढचं लिहिते. १८९७ च्या पुण्यात प्लेगशी दोन तऱ्हांनी लढणं चालू होतं. सावित्रीबाई आपला मुलगा डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी आणून त्यांची शुश्रूषा करत होत्या. १० मार्चला त्या त्याच रोगाने गेल्या. दुसरीकडे रँडच्या प्लेग कमिटीचे सोजीर घरात शिरून देवघरापर्यंत जात, बायामाणसांना बाहेर काढून तपासत, संशय आला त्याला उचलून नेत. साथीत रोगी शोधून वेगळा ठेवावाच लागतो, त्यात गैर काही नाही. पण ज्यांच्या भल्यासाठी म्हणून हे चाललं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे २२ जूनला गणेशखिंडीत काय झालं ते मिरजेच्या माणसाला मी काय सांगणार! तुमचं कुलूप वाचून मला ती कमिटी आठवली. राग आला तर येऊ द्या.

आता मुलीकडे वळते, कारण तिचंही चुकतंय. 'दारात येईल त्याची सेवा' हा या कामाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. २०१४ मध्ये लायबेरियाच्या मन्रोव्हियात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चं इबोला केंद्र असं भरलं होतं, की फाटक दिवसातून जेमतेम अर्धा तास उघडायचे. रात्रीत जेवढे दगावले तेवढेच बेड रिकामे, तेवढेच आत. बाकीचे बाहेर मातीत पडलेले, आणि फाटकावर उभं राहून 'नाही' म्हणायचं काम कुणाला तरी करावंच लागे. आतही बरं नव्हतं. त्या पोशाखात उकाड्याने तासाभरापलीकडे टिकता येत नाही, चेहरा दिसत नाही म्हणून ॲप्रनवर मार्करने नाव लिहायचं, आणि एवढ्या वेळात सलाईन कुणाला लावायची आणि कुणाला नुसतं पाणी पाजायचं हे ठरवायचं. सुई लावताना आपल्यालाच टोचली तर? यावर त्या लोकांत आपसात वाद झालेत.

त्याच वर्षी जुलैत शेजारच्या सिएरा लिओनमध्ये डॉ. शेख उमर खान हे इबोलाचे डॉक्टर स्वतः इबोलाने आजारी पडले. झीमॅप नावाचं, माणसावर कधीच न वापरलेलं औषध, त्यांच्यावर उपचार चालू होते त्याच केंद्रात होतं. दिलं आणि ते दगावले, तर लोक म्हणतील परदेशी लोकांनी आमचा डॉक्टर मारला. मग केंद्राकडे कोण फिरकेल? नाही दिलं. २९ जुलैला ते गेले. त्यानंतर लवकरच लायबेरियातल्या दोन अमेरिकन मदत कर्मचाऱ्यांना हेच औषध मिळालं आणि ते वाचले. दोघे औषधामुळेच वाचले असं म्हणता येत नाही, हेही खरं. खानांवर उपचार करणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही. पण पूर्ण माफही करता येत नाही.

तुमची भीती खोटी नाही. त्या साथीत पाचशेहून जास्त आरोग्य कर्मचारी गेले. मात्र त्यातले बहुतेक तिथलेच होते. परदेशी नर्स आजारी पडली तर विमान येई, तिच्या शेजारी राबणाऱ्या स्थानिक नर्सला ते नव्हतं. म्हणजे तुमच्या मुलीची सुरक्षितता हाच तिथे एक नैतिक प्रश्न होणार. (इबोलाच्या एका प्रकारावर २०१९ पासून मान्यताप्राप्त लस आहे. घरी सांगा, थोडी झोप लागेल.)

तिला संस्था निवडताना पगाराआधी विचारायला सांगा, की तक्रार कुठे करायची आणि तिची चौकशी कोण करतं. काँगोतल्या २०१८ ते २०२० च्या साथीत मदतीला गेलेल्यांनीच नोकरीचं आमिष दाखवून बायकांचं शोषण केलं. स्वतंत्र आयोगाच्या अहवालात ८३ संशयित निघाले, त्यातले २१ जागतिक आरोग्य संघटनेचे. अंगावर संस्थेचं जॅकेट असलं म्हणजे माणूस सज्जन असतो, असं नाही.

तिला वळवायचं काम माझ्याकडून होणार नाही. अनुभव तिच्याकडे आहे. गिनी आणि काँगोत कारभार फ्रेंचमध्ये चालतो, ती भाषा तिच्याकडे नाही. पासपोर्ट दिलात की पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, तुमच्या सूचनांशिवाय. आयसीयूत शेवटचा बेड कुणाला द्यायचा यावरून ती कधी कुणाशी भांडली असेल, तर ते सविस्तर लिहू दे. फ्रेंचच्या वर्गाचं त्यानंतर बघू.