पट कमी म्हणून कोकणातल्या जिल्हा परिषद शाळा बंद कराव्यात का?

माझं उत्तर: नाही. पट घटलाय हे खरं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली तरुण मंडळी मुंबई-पुण्याला गेली, आणि उरलेल्या मुलांना इंग्रजी माध्यमाची व्हॅन वाडीच्या तोंडाशी येऊन घेऊन जाते. पण आईबाप व्हॅन का निवडतात, ते बघा.

शिक्षण हक्क कायदा (२००९) साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायला सांगतो. एकाची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली, की उरलेले गुरुजी एकाच खोलीत पहिली ते चौथी सांभाळतात. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तोवर चौथीचा भागाकार फळ्यावर. मध्येच पोषण आहाराची नोंद भरायची, वरून मागवलेली माहिती पाठवायची. ते मीटिंगला गेले की शिकवणं बंद. आईबाप हे बघतात आणि मुलाचं नाव शाळेतून काढतात. पट आणखी खाली येतो!

‘जवळच्या शाळेत पाठवा’ म्हणणाऱ्यांनी जुलैत येऊन बघावं. नकाशावर दोन किलोमीटर, मधे पऱ्ह्या म्हणजे पावसाळी ओढा, साकवावरून, त्या छोट्या पुलावरून, पाणी. सहा वर्षांच्या पोरीला रोज कोण सोडणार? लावणी सोडून आई जाणार? पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम उगाच नाही केलेला.

पैशाचं म्हणाल तर कोठारी शिक्षण आयोगाने १९६६ मध्येच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर सुचवला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा आहे, देशाने तो अजून गाठलेला नाही. आधी दुसरा शिक्षक द्या, तोही स्थानिक. डीएड (शिक्षक पदविका) झालेली मुलं-मुली इथेच भरतीची वाट बघतायत.